रात्रपाळीच्या दारातून आमच्या मुलींना परत पाठवू नका

प्रति,
गोव्यातील औद्योगिक वसाहतींमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांचे व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी गोव्यातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दरवर्षी तुमची माणसे आमच्याकडे मुलाखतींना येतात, तेव्हा चहाची व्यवस्था बघण्यापासून मुलांना धीर देण्यापर्यंतची कामे माझ्याकडे असतात. नेमणुकीची पत्रे आली की तीही माझ्याच हातून वाटली जातात. त्यामुळे कोणाला कुठे घेतले हे मला पाठ असते. एकाच बाकावर बसलेली, एकाच प्रोजेक्टवर राबलेली दोन मुले असतात. मुलाच्या पत्रावर प्रॉडक्शन, प्रोसेस किंवा मेंटेनन्स लिहिलेले असते. मुलीच्या पत्रावर क्वालिटी इन्स्पेक्शन, डॉक्युमेंटेशन, स्टोअर्स. मार्क तिचे जास्त असले तरी हेच, आणि सोल्डरिंगचा, म्हणजे धातू वितळवून बोर्डावर भाग जोडण्याचा, हात तिचा चांगला असला तरी हेच.

तुम्ही मुलींना घेत नाही अशी माझी तक्रार नाही. घेता, आणि पगारही सुरुवातीला सारखाच देता. पण ज्या कामातून पुढे प्लांट मॅनेजर तयार होतो, त्या कामाच्या जवळपासही मुलीला फिरकू देत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत हा फाटा फुटतो. दहा वर्षांनी वरच्या जागेसाठी माणूस शोधायची वेळ आली की, ‘लाईनचा अनुभव असलेली बाई मिळतच नाही हो’ असे तुम्हीच मला सांगता. ती मिळणार कुठून?

आमच्या विभागाच्या भिंतीवर मुलींनी लिसा सू यांचा फोटो लावला आहे. एएमडी या अमेरिकेतल्या चिप कंपनीच्या प्रमुख म्हणून त्या आता सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांच्याकडे मी पुढे येते. त्याआधी एका दुसऱ्या बाईंची हकीगत सांगते. त्यांचा फोटो सहसा कुठे लागत नाही. तुम्हाला आणि मला त्यांच्याकडून घेण्यासारखे जास्त आहे, असे मला वाटते.

त्यांचे नाव ॲन केलेहर. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात मॅक्रूम नावाचे बाजाराचे छोटे गाव आहे, तिथल्या त्या. आपल्याकडच्या साखळी-डिचोलीसारखेच, आजूबाजूच्या खेड्यांनी खरेदीला यावे असे गाव. पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि डॉक्टरेट हे तिन्ही त्यांनी कॉर्कच्याच विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये केले. तिथे सरकारने १९८०च्या दशकात मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे एक राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे केले होते. त्या केंद्रातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९९६ साली त्या इंटेल या अमेरिकन चिप कंपनीच्या डब्लिनजवळच्या लेक्स्लिप इथल्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या.

प्रोसेस इंजिनिअर हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. चिप बनते तो कारखाना म्हणजे फॅब. सिलिकॉनची एक चकती, म्हणजे वेफर, तिथे आत शिरली की शेकडो टप्प्यांतून फिरून बाहेर यायला दोन-तीन महिने लागतात. थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तेवढे कोरून काढायचे, घासून सपाट करायचे, पुन्हा थर. यातल्या एखाद्या टप्प्याचा मालक म्हणजे प्रोसेस इंजिनिअर. आपल्या टप्प्यावर वायूचा दाब, तापमान, वेळ यांपैकी काय ढळले, कोणत्या यंत्रावर ढळले, आणि त्यामुळे चकतीवरच्या किती चिप फुकट गेल्या, हे त्याने सांगायचे. पोटासाठी सगळा कारखाना या एका आकड्याकडे बघत असतो: शंभर चिप केल्या तर त्यातल्या चालल्या किती. हा आकडा वर आणायला शिकलेला माणूसच पुढे कारखाना चालवू शकतो.

केलेहर बाईंनी तेच केले. लेक्स्लिपच्या फॅब २४ या कारखान्याच्या त्या प्रमुख झाल्या. अमेरिकेत ॲरिझोनातला फॅब १२ आणि न्यू मेक्सिकोतला फॅब ११एक्स हेही त्यांनी सांभाळले. पुढे कंपनीच्या उत्पादनाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. जुलै २०२०मध्ये इंटेलने चिप बनवण्याचे आपले पुढच्या पिढीचे, ७ नॅनोमीटरचे तंत्र लांबणीवर पडल्याचे जाहीर केले. शेअर कोसळला आणि तंत्रज्ञान विभागाच्या वरच्या खुर्च्या हलल्या. त्यानंतर आठवड्याच्या आतच नवे तंत्र विकसित करण्याचा सगळा विभाग केलेहर यांच्या हाती देण्यात आला. पुढे इंटेल ४ या नावाने ते तंत्र उभे राहिले. सप्टेंबर २०२३मध्ये त्याचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन जिथे सुरू झाले ते ठिकाण लेक्स्लिप. जिथे त्या साध्या इंजिनिअर म्हणून लागल्या होत्या, तिथेच त्यांच्या विभागाने घडवलेले तंत्र उत्पादनाला गेले.

आता कोणी म्हणेल की ते युरोप आहे, तिथल्या बायकांची गोष्ट वेगळी. म्हणून हेही ध्यानात घ्या. आयर्लंडमध्ये १९७३ सालापर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झाले की नोकरी सोडावी लागत असे. तसा नियमच होता. तो देश तेव्हा श्रीमंतही नव्हता, तरणी मुले बोटीत बसून इंग्लंड-अमेरिकेला जात. आपल्या बार्देश-सासष्टीच्या घरांना हे दुःख काही सांगायला नको. केलेहर नोकरीला लागल्या तेव्हा, १९९६च्या जनगणनेत, सगळ्या आयर्लंडची लोकसंख्या ३६ लाख होती. आपण १५ लाखांच्या घरात आहोत. लहान प्रदेश, भोवती समुद्र, घराघरातून परदेशी गेलेले कोणीतरी, आणि सरकारी नोकरीचे वेड. या बाबतींत आपण त्यांच्यापासून फार लांब नाही. त्यांच्याकडे एक कारखाना आला आणि त्या कारखान्याने एका गावातल्या मुलीला यंत्राजवळ उभे राहू दिले, एवढेच मी तुमच्यासमोर मांडते आहे.

मी गोव्यात फॅब मागत नाही, हेही स्पष्ट करते. फॅबला लागणारे पाणी आणि जमीन बघता आपल्या नद्यांवर आणि डोंगरांवर तो भार टाकावा असे मला वाटत नाही. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीबद्दल आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, ती होईल तेव्हा होईल. पण बोर्ड जोडण्याचे, चाचणीचे काम गोव्यात आजही चालते. आणि भारतात चिपच्या पॅकेजिंगचे, म्हणजे तयार चिपला कवच आणि बाहेरच्या जोडण्या देण्याचे, कारखाने उभे राहत आहेत. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा, आसामात जागीरोडला टाटांचा २७ हजार कोटींचा. धोलेऱ्याला टाटांचा ९१ हजार कोटींचा फॅब मंजूर झालेला आहे. तिथे माणसे लागतील ती कुठून घेतील? ज्यांनी चोवीस तास चालणारी लाईन हाताळली आहे त्यांच्यातून. आमचे मुलगे जातील. मुलींच्या अनुभवाच्या रकान्यात मात्र तपासणी आणि फायली एवढेच असेल.

आता एक उदाहरण. आमची एक जुनी विद्यार्थिनी, अतिशय बारीक नजरेची, एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागली. कारखान्याचे नाव घेत नाही. सर्किट बोर्डावर चिप बसवून ते भट्टीतून काढायचे, अशी तिथली लाईन. जुलै महिना होता. सकाळी आलेल्या बोर्डांत काही बोर्ड चाचणीत बसेनात. वरून सोल्डरचा टाका सुरेख, चिपही जागच्या जागी, पण आत काहीतरी तुटलेले. तिने आपल्या वहीत तारीख, बोर्डाचा क्रमांक, पाळी असे टिपून ठेवायला सुरुवात केली. आठवडाभरात तिला दिसले की नापास बोर्ड बहुतेक रात्रपाळीचे आहेत आणि त्यांच्यावरची एक ठराविक चिपच दगा देते आहे.

ती चिप ओलीला नाजूक असलेल्या जातीची होती. अशा चिपचे प्लॅस्टिकचे कवच हवेतली आर्द्रता हळूहळू शोषून घेते. म्हणून ती हवाबंद पिशवीत येते, आत ओल टिपणारी पुडी असते आणि एक छोटे कार्ड असते, त्यावरचा निळा ठिपका गुलाबी झाला की समजायचे ओल शिरली. पिशवी फोडल्यापासून ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत ठेवली तर १६८ तासांची मुदत. मुदत उलटली तर आधी भाजून कोरडी करायची, मगच वापरायची. नाही केले तर २४०-२५० अंशांच्या भट्टीत आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि चिप आतून फुगून तडकते. कारखान्यात याला पॉपकॉर्न म्हणतात. गोव्याच्या जुलैत ६० टक्के आर्द्रता म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. भिंतीला हात लावला तरी ओला होतो.

मुलीने सुपरवायझरला सांगितले, मला एक रात्र लाईनवर थांबू द्या, पिशवी कोण कधी फोडतो आणि उरलेले चिपचे रीळ कुठे ठेवतो ते बघते. उत्तर आले, मुलींना रात्री थांबवता येत नाही. तिच्याऐवजी तिच्यामागून लागलेल्या एका शिकाऊ मुलाला पाठवले. त्याने एका रात्रीत उलगडा केला. कोरड्या कपाटाची किल्ली स्टोअरवाल्याकडे, आणि स्टोअर संध्याकाळी सहाला बंद. रात्री फोडलेली रिळे सकाळपर्यंत उघड्या मांडणीवर पडून राहत. त्यात वीज वाचवायला एसीही रात्री कमी केलेला. सकाळी स्टोअरवाला ती रिळे कपाटात ठेवून तास पुन्हा शून्यापासून मोजायचा. ओल काही एका रात्रीत शिरत नाही, पण तास साठत जातात.

अहवाल त्या मुलाच्या नावाने गेला. मुलगा चांगला आहे, माझाच विद्यार्थी आहे, त्याने कोणाचे काही हिरावून घेतले नाही. त्याला पाठवले, तो गेला, त्याने डोके चालवले. त्याच्या पुढच्या वर्षी तो प्रोसेसला गेला, आज एका मोठ्या लाईनचा प्रमुख आहे. मुलगी तीन-चार वर्षे त्याच टेबलावर बसून राहिली. मग सरकारी खात्यात कारकुनाची जागा निघाली, ती परीक्षा देऊन लागली. पगार वेळेवर येतो, घरचे खूष आहेत. पण पिशवीवरच्या तासांवरून रात्रीचा गोंधळ ओळखणारी मुलगी आज जन्म-मृत्यूचे दाखले टाईप करते. हे नुकसान तिच्या एकटीचे आहे असे तुम्हाला वाटत असेल तर कृपा करून पुन्हा विचार करा.

या उदाहरणात तपासणीच्या टेबलावरून तिला दोष दिसला, पण दोषाचे मूळ रात्री होते. आणि आपल्या धंद्यात हे अपवादाने घडत नाही. भट्टीचे तापमान रात्री ढळते, सोल्डरची पेस्ट रात्री सुकते, दिवसा चार माणसे मिळून जे सावरून घेतात ते रात्री दोन माणसांच्या अंगावर पडते. लाईन खरी कळते ती रात्रपाळीत. ज्याला रात्र बघायला मिळत नाही, त्याला यंत्राचे अर्धेच वागणे ठाऊक होते. पुढे बढतीच्या बैठकीत ‘हिला लाईनची पकड नाही’ असा शेरा पडतो. तो शेरा खोटाही नसतो, म्हणून तर मला जास्त लागतो.

आता लिसा सू. तैवानात तैनान इथे जन्म, लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, १९९४ साली डॉक्टरेट. २०१४च्या ऑक्टोबरात त्या एएमडीच्या प्रमुख झाल्या तेव्हा कंपनी गटांगळ्या खात होती, पुढच्याच वर्षी तिचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला. २०१७मध्ये नव्या रचनेचे रायझन प्रोसेसर आले आणि २०२२ साली याच कंपनीने बाजारमूल्यात इंटेलला मागे टाकले. हे सगळे तुम्ही वाचलेले असेल. मुली फोटो लावतात तो यासाठीच. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली आधीची दोन वळणे महत्त्वाची वाटतात, आणि मी वर्गात तीच सांगते.

पहिले, पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतच त्यांना प्रयोगशाळेत काम मिळाले. काम कसले, तर वरच्या वर्गातल्या संशोधकांसाठी चाचणीच्या चकत्या तयार करून द्यायचे. हलकेच काम. पण सिलिकॉन हाताला लागले ते तिथे. दुसरे, १९९५पासून त्या आयबीएममध्ये होत्या, तेव्हाचे. चिपच्या आतल्या तारा तोवर ॲल्युमिनियमच्या असत. तारा बारीक होत गेल्या तशी वीज अडखळू लागली. तांब्याचा रोध ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे ४० टक्के कमी, तेव्हा तांबे वापरावे हे सगळ्यांना कळत होते. पण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये उतरले की ट्रान्झिस्टर बिघडतात. शिवाय तांबे ॲल्युमिनियमसारखे कोरता येत नाही. मग आधी चर खणायचा, त्याला तांबे अडवणारे अस्तर लावायचे, चर तांब्याने भरायचा आणि वरचे जास्तीचे घासून काढायचे. हे प्रयोगशाळेत एकदा जमणे वेगळे आणि कारखान्यात रोज हजारो चकत्यांवर जमवणे वेगळे. त्या कारखान्याकडे नेण्याच्या कामात लिसा सू होत्या. त्यांचा मूळ विषय तांबे नव्हता. अडचणी जिथे होत्या तिकडे आपण गेलो, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९९७ला आयबीएमने हे तंत्र जाहीर केले, १९९८पासून तशा चिप बाजारात आल्या, आणि पुढे सगळा उद्योग तांब्यावर गेला.

अडचण असेल तिकडे जायची मुभा. दोघींच्याही वाटेत मला हीच दिसते. आमच्या मुलीने मागितली होती तीही हीच, एका रात्रीपुरती.

‘मुलींचे हात नाजूक, नजर बारीक, चित्त स्थिर, म्हणून आम्ही त्यांना तपासणीला बसवतो.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याचे उत्तर दिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. हे कौतुक फार जुने आहे. १९७२ साली इंटेलने मलेशियात पेनांगला जोडणीचा कारखाना काढला. त्या दशकात तिथे आलेल्या अनेक परदेशी कंपन्यांनी गावागावांतल्या तरुण मुली भरल्या. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून केसाहून बारीक सोन्याची तार चिपला जोडायचे काम. त्याही वेळी हेच सांगितले जाई, की मुलींची बोटे नाजूक. म्हणजे बायका या उद्योगात नव्याने येत नाहीत. चिपचा धंदा पहिल्यापासून त्यांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर उभा आहे. प्रश्न एवढाच की त्यांच्या डोक्याला काम केव्हा देणार. ज्या नजरेला टाक्यातला दोष दिसतो तिला भट्टीच्या तापमानाचा आलेखही दिसेल. तिला तो दाखवा तरी.

कायद्याचे म्हणाल तर तीही सबब आता उरलेली नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ६६व्या कलमाने बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत कामाची परवानगी होती. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ते दार उघडले. बाईची संमती हवी आणि सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायला हवी, या अटींवर ती रात्रीही काम करू शकते. नोव्हेंबर २०२५पासून ही संहिता लागू झाली आहे. संमती हवी याचा अर्थ तिला विचारायला हवे. माझ्या माहितीतल्या बहुतेक मुलींना कोणी विचारलेलेच नाही. त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी नकार देऊन टाकलेला असतो.

राहिले घरचे. हो, पालक अडतात. मी त्यांच्या घरी जाऊन बोलते, त्यामुळे मला हे माहीत आहे. सत्तरीतल्या आतल्या गावातला बाप म्हणतो, बाई, रात्रीची पोर एकटी कशी यायची? त्याची काळजी खरी आहे. पण हाच बाप शेजारच्या घरातली मुलगी बांबोळीच्या इस्पितळात नर्स आहे आणि रात्रपाळी करते, हे अभिमानाने सांगतो. पेडण्याच्या कितीतरी मुली मोपाच्या विमानतळावर पाळ्यांत काम करतात. तिथे घरच्यांनी पाठवले, कारण सोबत दुसऱ्या मुली आहेत, नेणारी-आणणारी गाडी आहे, आणि काही झाले तर फोन कोणाला करायचा हे ठाऊक आहे. पालकांचे मन असे वळते. ‘घरचेच पाठवत नाहीत’ हे वाक्य तुम्ही व्यवस्था करण्याआधी उच्चारू नका, व्यवस्था केल्यानंतर उच्चारा. मग मी तुमच्या बाजूने त्यांच्या ओट्यावर येऊन बसेन.

व्यवस्था म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. तरीही लिहिते, कारण तुमच्या कित्येक प्रस्तावांत मला हे अर्धवट दिसते. कंपनीची बस हमरस्त्यावर सोडून चालणार नाही. आतल्या वाड्यावर दिवे नसतात, कुत्री असतात, पावसात रस्ता दिसत नाही. दारापर्यंत गाडी हवी आणि गाडीतली शेवटची व्यक्ती मुलगी असता कामा नये. पाळीत एकटी मुलगी ठेवू नका, निदान तिघी-चौघी ठेवा, आणि त्यांच्यातली एक अधिकाराच्या जागेवर असू द्या. लाईनपासून लांब, मागच्या शेडजवळ असलेले स्वच्छतागृह रात्री कोणी वापरत नाही. मुली पाणीच पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. तक्रार आली तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाताखाली मुलीला पुन्हा त्याच पाळीत टाकू नका. हे मी ऐकीव सांगत नाही.

आणि नेमणुकीच्या पत्रावर प्रोसेस, मेंटेनन्स, प्रॉडक्शन या जागा मुलींसाठीही आहेत हे नुसते लिहू नका, पहिल्या वर्षात प्रत्येक शिकाऊ मुलामुलीला सगळीकडे फिरवा. भट्टीवर, पेस्टच्या छपाईवर, चिप ठेवणाऱ्या यंत्रावर, चाचणीवर, आणि संमती असेल तिला रात्रपाळीतही. मग कोण कुठे चमकते ते तुम्हालाच दिसेल. मशीन उघडून बसायला मुलींना आवडत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी यावे.

बाळंतपणाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर लिहायला हवी, कारण चांगल्या चाललेल्या बायकाही तिथेच अडकतात. २०१७पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर ठेवणे बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आले पाहिजे, असे कायदाच म्हणतो. रजा तुम्ही देता. पण परत आलेल्या बाईला ‘आता तुला झेपायचे नाही’ म्हणून प्रेमाने डॉक्युमेंटेशनला बसवले जाते. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे मी मान्य करते. पण वर्षभर लाईनपासून दूर राहिलेल्या इंजिनिअरला नवे यंत्र, नवा प्रोग्राम, नवी माणसे यांचा पत्ता लागत नाही, आणि ती पुन्हा कधी तिकडे जातच नाही. सहा-आठ महिने दिवसपाळी द्या, रात्र नको म्हणाली तर देऊ नका, पण काम तेच ठेवा. तिच्या टप्प्याची मालकी तिच्याकडे राहू द्या.

तुमच्यापैकी काही जणांनी याची सुरुवात केली आहे, हे मला माहीत आहे. एका ठिकाणी मेंटेनन्सला दोन मुली लागल्या आहेत. त्यातली एक परवा बाजारात भेटली. हाताला ग्रीसचा काळा डाग, आणि चिप उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या पिक-अँड-प्लेस यंत्राच्या नोझलमधली हवा कशी गळत होती हे ती मला भाजीवाल्यासमोर हात करून सांगत होती. तिच्या सुपरवायझरचे मला मनापासून आभार मानायचे आहेत. त्यांनी वेगळे काही केले नाही, हातात पाना दिला.

आमची पुढची तुकडी येत्या जूनमध्ये बाहेर पडेल. त्याआधी तुम्ही मुलाखतींना याल. येताना एक आकडा सोबत घेऊन या: तुमच्या कारखान्यात प्रोसेस आणि मेंटेनन्सच्या यादीत बायका किती आहेत, आणि त्यातल्या रात्रपाळीत किती. आमच्या मुली तो विचारतील. मी त्यांना विचारायला सांगितले आहे. आकडा शून्य असेल तर शून्य सांगा, आणि पुढच्या वर्षी तो किती असेल तेही त्याच मुलाखतीत सांगा.

आपली नम्र,
इलेक्ट्रॉनिक्सची एक अध्यापिका
डिचोली, गोवा